उमरेडच्या काकांची बाटली

मांजर आडवं गेलं तर मांजरालाच ओरडणाऱ्या घरातली मी. अकरा वर्षं रोज हुडकेश्वरहून रामदासपेठेतल्या एका लॅबला जाते. पेशंटच्या कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढतात, त्यातल्या स्टेम सेल्स आम्ही बाटलीत वाढवतो आणि डॉक्टर त्या परत त्याच माणसाला टोचतात. जादूबिदू काही नाही... मान मोडून काम असतं नुसतं.

गेल्या मे महिन्यात उमरेडच्या एका काकांचा नमुना आला. घरचा हातमाग बंद पडल्यावर ते कोळशाच्या खाणीत लागलेले. मांडीचं हाड मोडलं, दोन ऑपरेशनं झाली तरी जुळेना. हा शेवटचा उपाय, नाहीतर पाय कापायचा. हृदय कमजोर, म्हणून मॅरो काढायला पुन्हा सुई घालणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. म्हणजे जे काय होतं ते माझ्याकडच्या चार बाटल्यांत.

या बाटल्या सदतीस डिग्रीच्या इनक्युबेटरमध्ये असतात. दर तीन-चार दिवसांनी बाहेर काढून आतलं द्रव खाद्य बदलायचं. पहिल्यांदा बदललं आणि अर्ध्या तासात लॅबच्या फोनवर काका.

"मॅडम, आज माह्या बाटल्यायले हात लावला का जी?"

"का हो काका?"

"मले थंडी वाजून राहिली. भर उन्हात."

मी हसले, ताप बघा म्हटलं. पुढच्या वेळी पुन्हा तेच. एकदा मुद्दाम गुरुवारचं काम शनिवारवर ढकललं... फोन शनिवारी आला.

मग एका दुपारी, बाटल्यांना कुणीच हात लावलेला नसताना, पुन्हा फोन. आवाज थरथरत होता.

"सकाळपासून दोन गोधड्या घेतल्या, तरी हातपाय गारच पडून राहिले. पाहा ना वं बाई एकदा."

डिस्प्लेवर सदतीसच होतं. दार उघडलं की उष्णता जाते, म्हणून आम्ही सगळेच बाहेरचा आकडा रजिस्टरमध्ये उतरवतो, आतला थर्मामीटर कुणी बघत नाही. आळसच तो. त्या दिवशी दार उघडलं — आत सव्वीस. रजिस्टरमध्ये सकाळच्या सदतीसवर सही माझीच. मला रडूच आलं.

बाटल्या दुसऱ्या मशीनमध्ये हलवल्या. पेशी जगल्या, वाढल्या, काकांना टोचल्या. आता ते काठी घेऊन चालतात.

एक बाटली उरली. नियमाप्रमाणे तिच्यात ब्लीच ओतून टाकून द्यायची. मी काकांना फोन करून सांगितलं.

"फेकाच लागत असन त फेकजो," ते म्हणाले. "फक्त आधी फोन करजो वं पोरी. मी घरच्यायले बाहेर पाठवून देईन."

याला चार महिने झाले. तुम्ही योगायोग म्हणाल — मलाही तेच म्हणायचंय. त्या पेशी आता वाढतही नाहीत. दर तीन-चार दिवसांनी ठरवते, आज टाकू... आणि खाद्य बदलून बाटली परत आत ठेवते. अर्ध्या तासात फोन वाजतो. मी थकलेय खरंच. कुणाकडे याचं स्पष्टीकरण असेल तर द्या. नसेल तर ती बाटली फेकायला तेवढं कुणीतरी या.