ब्रेक मुंबईला आहे!

मोटार स्टँडवर नोकरी करणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते राखेसारखे साठतात. आमच्या गाडीच्या भट्टीतली राख रोज सकाळी काढावी, तर संध्याकाळी पुन्हा तेवढीच! लढाईच्या दिवसांत मी तळोद्याच्या स्टँडवर तिकिटं फाडायला होतो. गाव माझं नगरकडचं, पण इथं मला सगळे नुसतं 'बाबू' म्हणत. ऐकणारे हसतात, म्हणून मीही हसत सांगतो. खरं तर त्या दिवसांत हसण्यासारखं फार थोडं होतं.

*

पेट्रोल मिळेना, तेव्हा शेठनी गाडीच्या मागं कोळशाची भट्टी बसवली. कोळसा पेटवायचा, त्याचा गॅस इंजिनात सोडायचा आणि मग देवाचं नाव घ्यायचं. ड्रायव्हर गफूरचाचा भल्या सकाळी येऊन त्या भट्टीला वारा घालत बसे. नाकातोंडात धूर, डोळे लालभडक.

धान्य तेव्हा मापून मिळायचं. ज्वारीत निम्मे खडे. एकदा पोतंभर कोळसा भट्टीत रिचवून चाचा माझ्याकडं वळला. (इकडच्या बोलीत 'खास' म्हणजे खाते.)

"बाबू, या लढाईमा रोज पोटभर खास ती हाई एकलीच!"

*

नंदुरबारच्या स्टेशनावरून माल आणायचा तर तापी ओलांडावी लागे. पूल नव्हता, नाव होती. दर हिवाळ्याला कोणी ओव्हरसियर यायचा, पुलासाठी काठावर खुंट्या ठोकायचा आणि जायचा. खुंट्या लोक जळणाला न्यायचे.

एका ओव्हरसियरनं नावेत बसल्या बसल्या खुशीत येऊन नावाड्याला सांगितलं, "बाबा, आपली स्कीम सँक्शन झाली बरं का!"

म्हाताऱ्याला 'शांत झाली' असं ऐकू आलं. त्यानं वल्हं थांबवलं. कपाळाला हात लावला.

"आरे देवा रे! पोरंसोरं शेतस का तिले?"

आम्ही हसलो. ओव्हरसियर रागावला. पण म्हाताऱ्याचं काही चुकलं नव्हतं. पुढच्याच पावसाळ्यात नाव उलटली आणि तिघं वाहून गेले. स्कीमचं नावही पुन्हा कोणी काढलं नाही.

*

गाडीचा ब्रेक हा आमचा खरा घोर. अक्कलकुव्याच्या पुढं मोलगीकडं लाकडं काढायला घाटात कच्चा रस्ता पाडला होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये आमची गाडी. ब्रेक पार झिजलेला. नवा भाग मिळेना, कारण लढाई! शेठ गुजराती बोलणारे. विचारलं की त्यांचं एकच उत्तर, "मंगावी छे." म्हणजे मागवलाय.

गफूरचाचाची बायको, आमची चाची, रोज दुपारी त्याची भाकरी फडक्यात बांधून स्टँडवर यायची. भाकरी ठेवायच्या आधी मला विचारायची, "उना का ब्रेक?" म्हणजे आला का.

मी नकारार्थी मान हलवायचो. मग गाडी घाटातून परत येईपर्यंत ती तिथंच निंबाखाली बसून राहायची. नुसती रस्त्याकडं बघायची. मला तिच्याकडं बघवत नसे.

एकदा एका वाण्यानं चढताना चाचाला विचारलं, "गाडीला ब्रेक आहे ना?"

"शे ना!" चाचा म्हणाला. "मुंबईले शे."

*

ब्रेक नाही म्हणून उतारावर एकानं लाकडाचा ठोकळा घेऊन गाडीबरोबर चालायचं आणि गरज पडली की चाकाखाली ठेवायचा. एके दिवशी क्लीनर तापानं पडलेला. शेठ स्वतः गाडीत होते. त्यांनी ठोकळा दिला शाळेच्या मास्तरांच्या हातात. मास्तर पुण्याकडचे, शुद्ध बोलणारे, नवेच बदलून आलेले.

उतारावर गाडी घसरायला लागली. शेठ खिडकीतून ओरडले, "मूक! मूक!"

गुजरातीत मूक म्हणजे ठेव. मास्तर ठोकळा छातीशी धरून, ओठ घट्ट मिटून उभे राहिले! गाडी त्यांच्या पायावरून गेली आणि चाचानं ती डोंगराच्या अंगाला घासून थांबवली. मास्तरांचा अंगठा गेला.

"मास्तर, मी मूक बोलला होता!" शेठ कळवळून म्हणाले.

मास्तर पाय धरून, दातओठ खात म्हणाले, "मग मी बोललो का?"

*

होळीचा दिवस. डोंगरातल्या काठी गावच्या होळीला जायला डोंगरातली माणसं, खालची माणसं, सगळी लोटली होती. सकाळची खेप खच्चून भरून गेली. टपावर ढोलवाले. क्लीनर सणाला रजेवर. मोलगीला सगळ्यांना उतरवायचं आणि दुसऱ्या खेपेला दुपारी परत यायचं, असं ठरलेलं.

दुपार टळली, ऊन उतरलं, गाडीचा पत्ता नाही. स्टँडवर गर्दी गाठोडी घेऊन उभी. शेठ येरझारा घालत होते. चाची निंबाखाली. फडक्यातली भाकरी केव्हाच सुकून गेली होती.

तेवढ्यात रस्त्याच्या कामावरचा मुकादम सायकलवरून आला. साताऱ्याकडचा माणूस. धुळीनं पांढरा झालेला, कोपरं खरचटलेली. मी धावत गेलो. त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात त्याला चाची दिसली. त्यानं डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला.

"बाबू," तो हळूच म्हणाला, "गाडी... खाली आहे."

"खाली?" शेठ पुढं झाले. "एक पण पॅसेंजर नथी?"

"नाही शेठ. एकटे गफूरमियाँच होते."

असं म्हणून त्यानं बोट जमिनीकडं केलं. ते मी पाहिलं. गाडी दरीत गेली होती. चाचीला काय सांगू? कसं सांगू?

मागं गर्दीत मात्र रिकामी गाडी येतेय म्हणून एकच गलका उठला. "खाली गाडी ई ऱ्हायनी!" जागा पकडायला लोक गाठोडी उचलून पुढं घुसले.

चाची उठली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा उजळला होता.

"खाली शे ना बाबू? मंग हलकी शे! हलकी गाडीले ब्रेक कसाले लागस? आते ई जाई तो. मी घर जास, गरम भाकरी टाकस."