पेपरवाल्या भाऊंचे वसतिगृह आणि माझा अर्ज

देऊळगाव राजाच्या कचेरीसमोर अर्ज लिहून देण्याचे काम मी तरुणपणापासून अखंड करीत आलो आहे. माझे शालेय शिक्षण परिस्थितीमुळे अर्धवट राहिले. तथापि कायद्याची भाषा मी ऐकून, नकलून आणि पाठ करून अशी आत्मसात केली की, कचेरीतील शिकलेले कारकूनही एखादा शब्द अडला म्हणजे माझ्या सतरंजीपाशी येऊन उभे राहत. हे मी बढाई म्हणून नमूद करीत नाही. पुढील हकीकतीत माझ्या लेखणीचा संबंध येतो, आणि त्या लेखणीची गावात पत काय होती हे ठाऊक नसेल तर तिने केलेले नुकसान वाचकाच्या ध्यानात यावयाचे नाही.

हकीकत आमच्या गावच्या साप्ताहिकाच्या मालकांची आहे. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार दिवस झालेले नव्हते. गाव त्यांना 'पेपरवाले भाऊ' म्हणे, म्हणून मीही तसेच म्हणतो.

भाऊ मूळचे कापसाच्या जिनिंग कारखान्यातील कारकून. दुपारच्या सुटीत ते मजुरांना मोठ्या शहरांची वर्तमानपत्रे वाचून दाखवीत. एकदा सरकी वेचणाऱ्या एका बाईने त्यांना विचारले, "भाऊ, यात साऱ्या दुनियेचं हाये, आपल्या इकडचं काऊन नसते?" भाऊंनी हातातले वर्तमानपत्र पुन्हा पहिल्या पानापासून चाळले. इकडचे एक अक्षरही त्यात नव्हते, आणि ते त्यांना सहन होईना. पुढे त्यांनी वाट्याची जमीन विकली, जालन्याहून पायाने चालवायचे एक जुने छपाईयंत्र बैलगाडीत घालून आणले आणि बालाजीच्या देवळामागील गल्लीत चार पानांचे साप्ताहिक सुरू केले. कापसाचे भाव, कोर्टाच्या नोटिसा, हरवलेली जनावरे, आटलेल्या विहिरी असे सर्व काही त्यात येई. लोक हसले. भाऊ दर शुक्रवारी अंक काढीत राहिले. तीन वर्षांनी हसणारेच शुक्रवारी बसस्टँडवर अंकाची वाट पाहू लागले.

हात जरा मोकळा झाल्यावर त्यांनी वाचनालय काढले, बसस्टँडवर पाणपोई बांधली, गरजू विद्यार्थ्यांना पुस्तके दिली. यातील एकही गोष्ट त्यांच्या पेपरात छापून आली नाही. मी एकदा त्यांना सुचविले की, आपल्या दातृत्वावर एक सविस्तर मजकूर मी तयार करून देतो. ते म्हणाले, "मुन्शीजी, जागा नाही." चौथ्या पानावर त्या आठवड्यात चांगली हातभर जागा कोरी होती.

त्यांचा आणखी एक नियम होता आणि तो सर्व तालुक्यास माहीत होता. छापण्यात चूक झाली तर दुरुस्ती त्याच पानावर, त्याच जागी आणि तितक्याच मोठ्या टाइपात छापावयाची. एकदा एक पाटील वारल्याची बातमी पहिल्या पानावर आली, आणि पाटील तर घरी हरभरा निवडीत बसले होते. पुढच्या शुक्रवारी पहिल्या पानावर, त्याच जागी, पाटील हयात असल्याचे छापले गेले. पाटील रागाने छापखान्यात आले. "मेलो तेव्हा कोणी इचारलं नाही," ते म्हणाले, "आता जिता हाये म्हनून सारं गाव दारात येऊन पाहून राह्यलं!"

वसतिगृहाची कल्पना निघाली ती त्यांच्या कंपोझिटरच्या एका वाक्यामुळे. हा कंपोझिटर दुसरबीडचा, बौद्ध कुटुंबातील, एकएक अक्षर उचलून ओळी जुळवण्यात वाकबगार. आठवडाभर तो छापखान्यातच राही आणि रविवारी गावी जाई. सातवीच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींची नावे साप्ताहिकात दरवर्षी छापली जात. त्या वर्षी यादीत त्याच्या स्वतःच्या मुलीचे नाव होते. मी काही कामानिमित्त तेथेच बसलो होतो. नावे जुळवून झाल्यावर त्याने हात पुसले आणि तो म्हणाला,

"मालक, एक सांगू? या पोरींची नावं मी दरसाल लावतो. पोरांची पुन्हा मॅट्रिकच्या यादीत लावतो. पोरींची पुन्हा लावतो ते लग्नपत्रिकेत."

भाऊंनी जुन्या अंकांचा गठ्ठा सोडला. दुपार होईपर्यंत ते याद्या पडताळीत बसले. कंपोझिटरचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. खेड्यांतून सातवीच्या पुढे शाळा नव्हती, आणि गावात मुलींनी राहावे कोठे?

"तुही पोरगी काय करते आता?" भाऊंनी विचारले.

"बुढ्यानं सोयरीक पाहून ठेवली. म्हनते, शाळा उघडेपर्यंत रायची सोय झाली त शाळा. नाही त मांडव."

बुढा म्हणजे कंपोझिटरचा बाप. घरात त्याचा शब्द मोडण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

भाऊंनी त्याच दिवशी ठरविले की, मुलींचे वसतिगृह जूनमध्ये सुरू करावयाचे. जात कोणतीही असो, छप्पर एक आणि पंगत एक. हे शेवटचे वाक्य कळताच गावातील भाड्याच्या खोल्या एकाएकी नाहीशा झाल्या. कोणाची खोली दुरुस्तीला निघाली, कोणाच्या घरी पाहुणे यावयाचे होते. तेव्हा सरकारी पडीक जागा मागून तिच्यावर टिनाच्या खोल्या उभाराव्यात असे ठरले आणि अर्ज लिहिण्याची कामगिरी माझ्याकडे आली.

आता माझ्या कामाची रीत सांगणे प्राप्त आहे. जागेच्या अर्जात अर्जदार कोण हे प्रथम सांगावे लागते, आणि माझ्याकडे येणारा अर्जदार बहुतकरून एकाच तऱ्हेचा असे. त्यामुळे आरंभीचे कलम माझ्या बोटांना इतके सवयीचे झाले होते की ते लिहिताना मी समोरच्या माणसाशी बोलत असे. भाऊंचा अर्ज मी तीन पाने लिहिला. स्त्रीशिक्षण, समाजोन्नती, नवे राज्य, सर्व काही त्यात यथास्थित आले. भाऊ गुरुवारी अंकाच्या गडबडीत होते. मी वाचून दाखवू लागलो तसे ते म्हणाले, "तुमचं कलम मी काय तपासू? आणा इकडे." त्यांनी उभ्या उभ्या सही केली. साऱ्या गावाचा मजकूर दोनदा तपासणाऱ्या माणसाने माझ्यावर विश्वास टाकला याचा मला फार अभिमान वाटला.

मे महिन्याच्या अखेरीस बुलढाण्याच्या कलेक्टर कचेरीतून अर्ज परत आला. त्यावर शेरा होता: "अर्जदार स्वतः निराधार असून त्यास उपजीविकेचे कोणतेही साधन नाही असे त्याचेच कथन आहे. अशा इसमाकडून इतरांच्या निवासाची व्यवस्था होणे संभवत नाही. सबब अर्ज नामंजूर."

मी पहिले कलम काढून पाहिले. अक्षर माझेच होते, आणि कलम माझ्या नेहमीच्या भूमिहीन अर्जदारांचे. छापखान्याचे मालक, वाचनालयाचे संस्थापक असे आमचे भाऊ माझ्या लेखणीने निराधार, भूमिहीन आणि अन्नास मोताद करून ठेवले होते.

छापखान्यात जाताना मी वाटेतच उपाय योजून ठेवला होता. मी म्हणालो, "भाऊ, नक्कल करताना कचेरीत कागद बदलला असे आपण अपिलात म्हणू. मी मसुदा करून आणतो."

"कागद बदलला का?"

"बदलला नाही. पण म्हणता येते."

"चूक आपली आहे, मुन्शीजी. तुम्ही लिहिलं, मी न वाचता सही केली. आपल्याकडे चुकीचं काय करतात ते तुम्हाला माहीत आहे."

मी म्हणालो, "भाऊ, पाटलांची गोष्ट निराळी होती. माझा धंदाच अर्जाचा आहे. असे छापून आले तर उद्या माझ्या सतरंजीवर कोण बसेल?"

यावर बोलला तो कंपोझिटर. आजपर्यंत तो माझ्याशी अदबीनेच वागत आला होता. हातात ओळी जुळवण्याची रिकामी पट्टी घेऊन तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मुन्शीजी, खरं सांगतल्याबिगर दुसरा अर्ज कोन घेते? कालचा भिकारी आज मालक कसा झाला, हे त साहेब इचारनच. शाळा उघडाले तीन हप्ते राह्यले. माह्या पोरीचं दप्तर तिच्या मायनं शिवून ठेवलं. मले वाचता येते, म्हनून मी टाइप लावतो. तिले त्याच्या पुढचं येऊ द्या." त्याने पट्टी पुढे केली. "बोला. काय लावू?"

कचेरीत साहेबांसमोर मी कधी गडबडलो नव्हतो, पण त्या रिकाम्या पट्टीसमोर माझे शब्द अडले. अखेर मी सांगू लागलो आणि तो अक्षरे उचलू लागला. पहिला मसुदा भाऊंनी परत केला, कारण त्यात "अनवधानाने" हा शब्द तीनदा आला होता. दुसऱ्यात मी सरळ लिहिले की, सवयीचे कलम न पाहता लिहिले, अर्जदार निराधार नाही, ही चूक माझी आहे. खाली माझे संपूर्ण नाव. त्याखाली भाऊंनी स्वतःसाठी एक ओळ घातली: न वाचता सही केली, ही चूक माझी. मजकूर पहिल्या पानावर गेला.

सोमवारी मी सतरंजी घातली तेव्हा मंडळी जमून होती. एक जण म्हणाला, "मुन्शीजी, माह्या अर्जात मले बी बदलून टाका ना. जहागीरदार लिहा, पाहू काय देते सरकार!" दुसरा म्हणाला, "अबे, उलटं हाये. यायच्याकडं जहागीरदार गेला त भीक मागत येते!" मी ऐकून घेतले. त्या आठवड्यात माझ्याकडे दोनच अर्ज आले. तरी मी सतरंजी गुंडाळली नाही.

नवा अर्ज, नामंजुरीचा शेरा आणि तो अंक असे सर्व घेऊन मी स्वखुशीने बुलढाण्यास गेलो. दोन दिवस बाहेरच्या बाकावर बसलो. तिसऱ्या दिवशी साहेबांनी आत बोलावले. त्यांनी अंक वाचला, मग माझ्याकडे पाहिले. "हे तुम्हीच का?" मी होय म्हणालो. ते म्हणाले, "प्रकरण पुन्हा चौकशीला घेतो. पण जागेची मोजणी पावसाळ्यानंतरच होईल. त्याआधी काही होणार नाही." मी पुष्कळ विनवणी केली. नियम नियमाच्या जागी राहिला.

परत येऊन मी हे भाऊंना सांगितले तेव्हा शाळा उघडण्यास आठ दिवस होते. ते उठले, छापखान्याची पुढची मोठी खोली आणि आतल्या दोन खोल्या पावलांनी मोजल्या आणि म्हणाले, "यंत्र मागे टिनाखाली न्यायचं."

"पावसात?" कंपोझिटर म्हणाला. "मालक, कागद भिजन."

"कागद भिजला तर पुन्हा छापू."

बारा माणसांनी ते यंत्र दोरांनी ओढून मागच्या टिनाच्या गोठ्यात नेले. त्यात मीही होतो, आणि माझ्या वयाच्या व प्रतिष्ठेच्या माणसास ते शोभत नाही असे मला कोणी म्हटले नाही. पाच दिवसांत भिंतींना चुना लागला. भाऊंच्या वहिनींनी चूल मांडली, आणि भाऊंच्या एका विधवा मावशी मुलींसोबत राहण्यास आल्या.

शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी दुसरबीडहून बुढा नातीला घेऊन आला. त्याने खोल्या पाहिल्या, दाराच्या कड्या ओढून पाहिल्या, मावशींना त्यांचे गाव विचारले. पंगत खरोखर एकच आहे का हे त्याने दोनदा विचारले. मग तो म्हणाला, "गावात पोरीचा जिम्मा कोनाचा? बाप त आता छापखान्यात रायत नाही, रोज गावाहून येनं-जानं करन. शाळेत बोलावलं, बिमार पडली, त सही कोन करन?"

भाऊंनी माझ्याकडे बोट दाखविले. कंपोझिटर हळूच म्हणाला, "बा, पेपरात आपली चूक छापली ते हेच."

बुढ्याने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. "मंग ठीक हाये," तो म्हणाला. "हा दडवनार नाही."

वसतिगृहाच्या नोंदवहीत मी त्या मुलीचा पालक म्हणून सही केली. त्या वर्षी नऊ मुली आल्या आणि त्यांपैकी सहा जणींच्या नावापुढे माझी सही आहे. आयुष्यात मी हजारो सह्या दुसऱ्यांच्या घेतल्या, स्वतःच्या इतक्या एका दिवसात कधी केल्या नव्हत्या. बुढा तीनच्या बसने गेला. मुलगी दारात उभी राहून बस वळेपर्यंत पाहत होती. मग मावशींनी हाक मारली तशी ती आत गेली.

जागेची मोजणी पावसाळ्यानंतर झाली नाही, पुढच्या वर्षीही झाली नाही. मी बुलढाण्याच्या खेपा घालीत राहिलो. भाऊंचा अंक गोठ्यातील टिनाखालून एकही शुक्रवार न चुकता निघत राहिला. चौथ्या वर्षी जागा मंजूर झाल्याचा कागद आला तेव्हा मॅट्रिकच्या यादीचे दिवस होते, कंपोझिटर पट्टीत आपल्याच मुलीचे नाव लावीत होता, आणि भाऊंनी मला सांगितले की कागद टेबलावर ठेवा, आधी यादी जुळवून होऊ द्या.