कोणाच्या घरी?

शमुवेल गुरुजींच्या बायबलातून चार दोरे लोंबत असत. लाल, हिरवा, पिवळा, काळा. बायकोच्या शिवणाच्या डब्यातून पळवलेले, येशूची गोष्ट सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांसाठी चार. रविवारच्या वर्गात नवं पोर आलं की गुरुजी विचारायचे, "वधस्तंभावर येशू शेवटी काय म्हणाला?" पोर पाठ केलेलं धडाधड म्हणून दाखवायचं आणि गुरुजी चष्म्यावरून बघत म्हणायचे, "बरोबर. पण कोणाच्या घरी?" मी सात वर्षांची असताना घाबरून आमच्या घराचा पत्ता सांगितला होता.

मग ते एकेक दोरा ओढायचे. मार्काच्या घरचा येशू देवालाच विचारतो, मला का सोडलंस? आणखी एका घरी तेच शब्द. लूकच्या घरचा शांतपणे पित्याच्या हाती जीव सोपवतो. योहानाच्या घरचा काम पुरं झालं म्हणतो आणि मान टाकतो. "घर म्हणजे तेव्हाची मंडळी, त्या त्या गावचे ख्रिस्ती लोक," गुरुजी सांगायचे. "एका मंडळीला लोक मारत होते, तिला दुःखात हाक मारणारा येशू जवळचा वाटला. दुसरीला यहुद्यांच्या सभास्थानातून हाकललं होतं, तिला न डगमगणारा. खोटं कोणीच बोललं नाही. ज्याला जे लागलं ते त्याने जपलं."

लग्न होऊन मी नंदुरबारातच राहिले आणि गुरुजींच्या वर्गाची हजेरी घेऊ लागले. ऐकायला आवडायचं, पण धास्तीही वाटायची. त्यांचा आवाज चढला की बाहेर कोणी ऐकेल म्हणून मी उठून रस्त्याकडची खिडकी लावायची. "उकडतंय गं," म्हणत ते ती पुन्हा उघडायचे.

त्या उन्हाळ्यात आमच्या मंडळीतल्या नर्सबाई गेल्या. गुरुजींनी मुलांना चार घरी पाठवलं, बाई कशा होत्या ते विचारून या म्हणून. पुढच्या रविवारी मुलं चार नर्सबाई घेऊन आली. एका घरच्या खाष्ट, दुसऱ्या घरच्या सारख्या हसणाऱ्या. तिसऱ्या घरी त्या प्रार्थनेशिवाय सुई टोचत नव्हत्या आणि चौथ्या घरी त्यांनी दारुड्या नवऱ्याच्या कानाखाली वाजवली होती. मुलं भांडायला लागली. गुरुजी खुशीत टाळ्या वाजवत होते. शेवटी म्हणाले, "येशूच्या चारही घरी मात्र एक गोष्ट सारखी आहे. येशूला धरलं तेव्हा त्याचा शिष्य पेत्र घाबरला आणि म्हणाला, मी ह्या माणसाला ओळखत नाही. एवढा मोठा पुढारी, त्याची ही लाज कोणीच झाकली नाही. मला वाटतं, तो स्वतःच ती सांगत फिरला असणार."

एका मुलाने घरी जाऊन सांगितलं, येशू चार आहेत. आठवड्याभरात सभा बोलावली गेली. गुरुजींचा वर्ग राहणार की जाणार, एवढाच विषय होता.

उपासना संपल्यावर सगळे सतरंजीवर बसले. मंडळीचा कारभार बघणारे वडील दानिएलभाऊ उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. "गुरुजी, येशू एक शे का चार शेतस? पोरे घर ईसन इचारी ऱ्हायनात. भाईरना लोके आधीच आपलावर डोया ठीसन बठेल शेतस. तेसना हातमा आपनच काठी देवानी का?"

"येशू एकच आहे, दानिएल. मी चार म्हटलंच नाही." गुरुजींनी माझ्याकडे हात केला. "हिला विचारा. ही वर्गात असते."

सगळ्या माना वळल्या. बायकांच्या रांगेत सासूबाई होत्या. लग्नाला दोनच वर्षं झाली होती. बाहेर बसचा हॉर्न वाजत होता आणि तो थांबूच नये असं मला वाटत होतं. तो थांबला.

"मला नीट आठवत नाही," मी म्हणाले.

गुरुजी पिवळा दोरा बोटाला गुंडाळत राहिले. वर्ग दुसऱ्यांकडे गेला. नंतर दोन वर्षं ते मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसायचे आणि मी समोर आले की विचारायचे, "मुलं येतात ना गं वर्गाला?" कधी त्या दिवसाबद्दल अवाक्षर नाही. रागावले असते तर मला झोप लागली असती.

गेल्या थंडीत गुरुजी गेले. स्मरणसभेत लोक एकेक करून साक्ष द्यायला उठले. आश्रमशाळेतले त्यांचे सहकारी म्हणाले, गुरुजी कुत्र्यांना फार भ्यायचे. एक बाई म्हणाली, त्यांनी माझं अडखळणं घालवलं. मग दानिएलभाऊ उठले. डोळे भरले होते. "गुरुजीनी जलमभर एकच येशू शिकाडा. तब्येत बरी नव्हती म्हनीसन तेसनी स्वताहून वर्ग सोडा."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते खोटं बोलत नव्हते, त्यांना तसंच आठवत होतं. आणि मी? माझ्याकडेही एक गुरुजी तयार होते. त्यांच्या गोष्टीत त्या सभेत मी ताडकन उभी राहते आणि सगळं खरं सांगते. नवऱ्याला तर मी तशीच सांगितली होती, दोनदा. तो त्या दिवशी ड्यूटीवर होता.

चर्चच्या पाळकसाहेबांनी विचारलं, आणखी कोणी? सासूबाई पुढच्याच रांगेत होत्या. टेबलावर गुरुजींचं बायबल होतं, चारही दोरे बाहेर.

मी उठले. पुढे जाऊन टेबलाचा कोपरा धरला.

"गुरुजींनी वर्ग सोडला नव्हता," मी म्हणाले. "तो काढून घेतला. त्यांनी मला साक्षीला बोलावलं होतं, आणि मी आठवत नाही म्हणाले. मला सगळं आठवत होतं."