उत्तरदाती क्रमांक सात परिषदेला निघाली होती

कमलमावशी काल सकाळी वारली. समाजशास्त्राचं तिच्याकडचं काम त्याआधीच संपलं होतं.

परवापासून इथे बनारसमध्ये त्या शास्त्राची मोठी परिषद आहे. देशभरातून लोक येताहेत. मावशीही जाणार होती.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. दशाश्वमेधच्या मागच्या गल्लीत, एका उपाध्यांच्या घरी तिने चाळीस वर्षं स्वयंपाक केला. महाराष्ट्रातून माणसं आईवडिलांचं श्राद्ध करायला येतात, त्यांचं जेवण.

हा स्वयंपाक सोवळ्यात होतो. करणारीने चाखायचा नाही. ब्राह्मणांची पानं उठेपर्यंत जिभेला काही लावायचं नाही.

युनिव्हर्सिटीतल्या एक मॅडम दोन वर्षं त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसत. रेकॉर्डर लावून. मावशीने त्यांना पाट दिला, दर वेळी जेवू घातलं.

काम झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "मौसी जी, सम्मेलन में आप ज़रूर आइएगा. सब आप ही का तो है."

असं म्हणायची एक पद्धत असते. मावशीला ती माहीत नव्हती. तिच्याकडे कुणाला 'या' म्हटलं की पान मांडतात.

परिषदेत वाचायचा मॅडमचा पेपर इंग्रजीत. मी कॉलेजात हिंदी साहित्य शिकवते, पण इंग्रजी वाचता येतं. मावशीने मला समोर बसवून सगळा मराठीत सांगायला लावला.

त्यात तिचं नाव नाही. ती उत्तरदाती क्रमांक सात आहे. नाव लपवायचा नियम असतो, असं मी सांगितलं.

"सात तर सात. पुढे वाच."

मग ते वाक्य आलं. अन्न न चाखणं ही या स्त्रियांच्या आज्ञाधारकतेची खूण आहे.

"आज्ञाधारक? मी? तुझे काका असते तर हसून हसून लोळले असते."

मग तिचं हसू थांबलं.

"बिलकुल खोटं आहे गं. चाखत नाही हे खरं. पण मीठ मला वासावर कळतं. आमटी उकळली की वास बदलतो. यात कसली आज्ञा? शिकायला सहा वर्षं लागली मला."

"मॅडमना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. दोनदा. मशीन चालू होतं."

मशीन चालू होतं. पण निष्कर्ष मॅडम बहुधा घरूनच घेऊन आल्या होत्या, टिफिनसारखा.

परिषदेत उभं राहून मावशीला एवढी एकच दुरुस्ती करायची होती.

तयारी सुरू झाली. रामनगरला जाऊन नवा चष्मा करून आणला. "एवढे शिकलेले लोक. तोंडं नीट दिसायला पाहिजेत."

रोज दुपारी मला हिंदीत बोलून दाखवायची. मी साहित्याची बाई. हे काप, ते गाळ, इथे थांब.

"तू मला बोलू देशील की नाही?" एकदा म्हणाली. "मॅडम बऱ्या. त्या निदान ऐकल्यासारखं करायच्या."

कार्यक्रमपत्रिका मी पाहिली होती. मावशीसाठी तिच्यात कुठे जागा नव्हती. मी हे तिला सांगितलं नाही. मॅडम ऐनवेळी काहीतरी करतील, अशी समजूत करून घेतली. एवढा भित्रेपणा माझा.

गेल्या बुधवारी फोन आला. संयोजन समितीतला कुणी रिसर्च स्कॉलर. मावशीने स्पीकर लावला.

"मौसी जी, मैडम ने आपका नंबर दिया है. पहले दिन लंच में महाराष्ट्रियन काउंटर रख रहे हैं. तीन सौ प्लेट. पूरन पोली हो जाएगी न?"

"और बोलना कब है?"

"बोलना?"

तो खरोखर गोंधळला. त्याच्या यादीत मावशी खानपानात होती.

मावशीने फोन तोंडाजवळ घेतला. मग फार मायेने म्हणाली, "बेटा, हम तो श्राद्ध का खाना बनाते हैं. आपके यहाँ कौन गुज़र गया?"

फोन बंद.

मी हसत सुटले. ती हसली नाही.

"तरी मी जाणार. मागे बसेन. प्रश्न विचारायला तर कुणीही उठू शकतं ना?"

"हो."

"मग झालं."

रविवारी छातीत दुखायला लागलं. काल सकाळी संपलं.

दुपारी मॅडमचा मेसेज आला. त्यांना शॉक बसला आहे. पेपर वाचण्याआधी दोन मिनिटं मौन पाळणार आहेत. मावशीचा फोटो हवा आहे, शक्यतो स्वयंपाक करतानाचा.

मी लिहिलं, मौन नको. ती दोन मिनिटं मला द्या. तिचं म्हणणं मी वाचते.

उत्तर आलं, तुमचं दुःख समजू शकते, पण सेशन फार टाइट आहे.

फोटो पाठवला नाही.

परवा मी जाणार आहे. पेपर संपला की हात वर करणार आहे. माइक दिला नाही तर माइकशिवाय बोलेन. मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवणं हीच माझी नोकरी आहे.

मावशीने शेवटी ठरवलेलं बोलणं मराठीत देते. कापलेलं काही नाही.

"मी कमल. मी चाखत नाही, कारण मला गरज पडत नाही. माझ्याकडे जेवायला बसतो त्याचं कुणीतरी गेलेलं असतं. आमटी खारट झाली तरी तो बोलत नाही, तशीच गिळतो. म्हणून आपण चुकायचं नाही. हे मला माझ्या सासूने शिकवलं, द्वारकाबाईंनी. त्यांना हे कधी कुणी विचारलं नाही. तुम्ही एवढे लांबून आलात, तर आता विचारा काय विचारायचं ते."

मावशी, नमस्कार करते. सुखाने जा.