हाण म्हणजे पान

कपाळावरची ही खोक लढाईतली नव्हे. लोकांना वाटतं, इटलीतली. कसली इटली अन् कसलं काय! जर्मनांच्या तोफांनी मला खरचटलंसुद्धा नाही. डोकं फुटलं ते म्हसवडच्या जत्रेत, भर दुपारी, पत्त्यांपायी.

लढाई संपून इस्लामपूरकडं घरी आलो, पण उसात मन रमेना. शब्दाला शब्द लागला की हात उठायचा. पलटणीतले माझे दोन दोस्तही तसलेच माथेफिरू. तिघं जत्रेला गेलो आणि बैलगाडीच्या सावलीत घोंगडं पसरून मी ब्लॅकजॅक मांडला. कैरोच्या जुगारखान्यात अमेरिकन सोल्जरांकडून शिकलो होतो. खेळ सोपा. दोघांना दोन दोन पानं. वाटणाऱ्याचं एक उघडं, एक झाकलेलं. चित्राचे दहा, एक्क्याचा एक नाहीतर अकरा. एकवीसच्या जवळ जायचं, ओलांडलं की मेलात. वाटणाऱ्यानं सोळापर्यंत पान ओढायचंच, सतराला थांबायचं. पान हवं असलं की सोल्जर 'हिट' म्हणायचे. मी त्याचं सरळ मराठी केलं होतं: हाण. नको असलं तर बास.

माणदेशाकडचा एक तरणा मेंढपाळ समोर बसला. त्याचा डोळा माझ्या फौजी कोटावर. थंडीत मेंढरांमागं फिरायला पाहिजे होता त्याला. मी कोट पणाला लावला, त्यानं टकरीचा एडका, स्वतःच्या हातानं दूध पाजून वाढवलेला. दोस्तानं तो गाडीमागं बांधला आणि सुरी दाखवून म्हणाला, "हरलास तर संध्याकाळी आमच्या ताटात, गड्या."

त्याला राजा आणि पंजा आला. पंधरा. माझं उघडं पान छक्का. अशा वेळी शहाण्यानं थांबावं, वाटणाराच एकवीस ओलांडून मरायचा संभव जास्त. पण मी कशाला सांगू? तो आपला बोटं मोजत बसलेला. माझं टाळकं सटकलं. मनगट पिरगाळून मी ओरडलो, "बोल की रं! हाणू का बास?"

"हाण! हाण म्हंतो न्हवं!"

वरचं पान माझ्या बोटांत होतं, तेवढ्यात मेंढरांना पाणी पाजून त्याचा थोरला भाऊ आला. त्याला खेळाची काय कल्पना! कुणी फौजी आपल्या भावाचा हात पिरगाळतोय आणि भाऊ हाण म्हणतोय, एवढंच त्यानं पाहिलं. काठी सणकन माझ्या कपाळावर बसली.

मग काय विचारता! डोळ्यांत रक्त उतरलेलं, तसाच मी धाकट्याच्या छाताडावर बसलो आणि ठोसे घातले. त्याचा दात माझ्या मुठीत रुतला. खरं सांगतो, बरं वाटलं. एका दोस्तानं थोरल्याला लोळवलं. दुसरा मात्र "आता एडका आपलाच" म्हणत सुरी घेऊन गाडीमागं पळाला.

लोकांनी आम्हाला ओढून सोडवलं. गाडीकडं पाठ करून धाकटा घोंगड्यावर बसला आणि पडलेलं पान त्यानं उचलून माझ्यापुढं धरलं.

"आवं, ह्यो किती?"

छक्का होता.

"एकवीस," माझं झाकलेलं पान न उघडताच मी म्हणालो. "जिंकलास तू."

त्याच्या पाठीमागून माझा दोस्त कोपरापर्यंत लाल हात घेऊन येत होता. मी कोट धाकट्यापुढं सारला.

धाकटा फुटक्या ओठांनी हसला. "मंग कोट ऱ्हाऊ द्या तुमास्नी," तो म्हणाला. "माजा एडका तेवडा सोडा."