बाबांच्या घड्याळाची डायल

आधी माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तेवढ्या बळावर लिहायला बसणं हा आगाऊपणाच आहे. शिवाय जे सांगणार आहे ते ज्ञान माझं नाही. ते हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या एका म्हाताऱ्या घड्याळजींचं आहे. मी त्यांना चाचा म्हणायचो.

तेव्हा इंटरनेटवर जुनी घड्याळं विकायला येऊ लागली होती. घ्यायची ऐपत नव्हती, नुसता नाद. नारायणगुड्याच्या इंटरनेट कॅफेतून मी फोटोंच्या प्रिंट काढून चाचांकडे न्यायचो. ते डोळ्याला भिंग लावून कागदावर वाकत. डायलवरची कारखान्यातली छपाई एका दाबात उतरते, म्हणून अक्षरांची कड स्वच्छ असते. जुनी डायल नवी दिसावी म्हणून हाताने रंगवली, की अक्षरं कडेला फुगतात, मिनिटांच्या रेघा लहानमोठ्या होतात. "उम्र बुढ्ढी की, चेहरा दुल्हन का! नक्को लेव बाबू," म्हणत ते प्रिंट परत करायचे. कागदावरून एवढं ओळखणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढे मीही एक भिंग घेतलं. नल्लकुंट्याच्या आमच्या खोलीत बाबा आंघोळीला गेले असताना त्यांचं घड्याळ त्याखाली धरलं. बाबा एका ऑफिसात शिपाई होते. बदली होऊन जाताना त्यांच्या साहेबांनी हे घड्याळ दिलेलं. बाबांचं लहानपण मराठवाड्यातल्या गावी इतरांचे उतरलेले कपडे घालण्यात गेलं होतं. हैदराबादला आल्यावर त्यांनी ठरवलं, कुणाचं वापरलेलं घ्यायचं नाही. तो नेम त्यांनी कधी मोडला नाही.

ते आंघोळीहून आल्यावर मी म्हणालो, "बाबा, याची डायल रंगवलेली आहे. घड्याळ जुनं आहे."

"नवं आहे. डबीत घालून दिलं साहेबांनी."

"डबी नवी असेल."

हे मी का बोललो, मला आजही कळत नाही. बाबांनी घड्याळ परत डबीत ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या मनगटावर पट्ट्याचा फिकट वळ तेवढा दिसायचा. ते सवयीने तिकडे बघत आणि हात खाली करत.

"लई शिकलास ना?" आई म्हणाली. "मग आता तूच सांगत जा त्यांना किती वाजले ते."

शेवटी ते घड्याळ चाचांकडे नेलं आणि बाबांना ते साहेबांनी दिल्याचं सांगितलं. त्यांनी मागचं झाकण उघडलं आणि आतल्या बाजूला सुईने कोरलेली बारीकशी खूण दाखवली. दुरुस्ती केली की प्रत्येक कारागीर अशी आपली खूण कोरून ठेवतो. ही खूण त्यांचीच होती.

"इत्ते दिन दुसऱ्यांके पकडे, आज मेरेकोच पकड लिये!" ते हसले. काम कुणाचं होतं ते मात्र आठवेना. जुन्या वह्या घरी होत्या. चार दिवस थांब म्हणाले.

पाचव्या दिवशी शेजारच्यांच्या फोनवर चाचांचा निरोप आला आणि मी दुकानात गेलो. बाबा माझ्यामागून येऊन दुकानाच्या दारातच उभे राहिले.

"याद आया बाबू," चाचा म्हणाले. "तुम्हारे बाबा के साब खुद आये थे. बोले, मेरे वालिद की घडी है, मैं रोज पैनता हूँ. जिनको देरा हूँ, उनो किसीका उतरा हुआ नइं लेते. नई करके देव, नइं तो वापस कर देंगे."