मेंढपाय

“मेंढपाय,” मी वाचलं, आणि खोली हसली.

आधी एकच बाई हसली. मग दोघी. मग सोफ्यावर बसलेले बँकेतले निवृत्त साहेब म्हणाले, “म्हणजे मेंढीचे पाय? सूप चांगलं होतं हो त्यांचं.” त्यावर सगळेच हसले. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण या गोष्टीत मी फार शूर नाही.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. “सिस्टर, तुम्ही दमलात. सकाळपासून ड्यूटी केलीत. तुमचं पान मी वाचते.”

वाचलंही. खणखणीत. मेंढपाळ, कळप, हिरवळ. प्रत्येक ळ जागच्या जागी.

जेवायला बसलेल्या माणसासमोरचं पान उचलून न्यावं, तसं झालं. तोंडात घास तसाच.

मॅडमचं घर जळगावात, मेहरूण तलावाच्या अंगाला. त्या कॉलेजात मराठी शिकवायच्या. दर शनिवारी चार वाजता आमच्या चर्चच्या मंडळीतले दहाबारा जण त्यांच्या हॉलमध्ये जमत. नाव होतं वाचन सहभागिता. पद्धत साधी. एकच पुस्तक. प्रत्येकाने एक पान मोठ्याने वाचायचं, पुस्तक उजवीकडच्याला द्यायचं, शेवटी प्रार्थना. एकत्र वाचल्याने माणसं एकमेकांची होतात, असं मॅडम म्हणत. मला ते पटायचं. नवरा गेल्यावर मला पहिलं पुस्तक त्यांनीच दिलं होतं, आणि त्या पुस्तकाने मी तगले. हेही खरं आहे.

त्या दिवसांत डोंगरातल्या एका मेंढपाळाची गोष्ट चालू होती. म्हणजे तो शब्द दर पानावर.

माझं माहेर चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. आम्ही भिल्ल. पावसावरची थोडी जमीन, मोहाची फुलं, बाकी मजुरी. मी लहान असताना आमचं घर प्रभूकडे आलं. मॅडमचं घर आजोबांच्या काळापासून ख्रिस्ती. जुने ख्रिस्ती आणि नवे ख्रिस्ती, असं कोणी तोंडाने म्हणत नाही. पण सोफ्यावर कोण बसतं आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर कोण, ते कोणाला सांगावं लागत नाही.

आमच्या बोलण्यात ळचा य होतो. केळी म्हणजे केयी. डोळा म्हणजे डोया. गोळी म्हणजे गोयी. लिहिताना मी कधी चुकले नाही. नर्सच्या सरकारी नोकरीत औषधाचं नाव, डोस, लसीची तारीख, बाळंतिणीचं कार्ड, सगळं बिनचूक. याच हॉलमधल्या निम्म्या लोकांनी माझ्याकडून इंजेक्शन घेतलेलं आहे. तेव्हा माझा ळ कोणी तपासला नाही.

पुढच्या शनिवारी पुस्तक फिरत फिरत माझ्या डावीकडच्या बाईंपाशी आलं. त्यांनी माझ्या मांडीवरून हात लांब करून ते उजवीकडच्या बाईंना दिलं. त्यानंतरच्या शनिवारी मॅडम म्हणाल्या, “सिस्टर, जरा चहाचं बघता का? विमल आत एकटीच आहे.”

मी चहाचं बघितलं. दोन वर्षं.

नवीन पाहुणे आले की मला आतून बोलावत. “सिस्टर, तो शब्द म्हणून दाखवा ना.” मी पदराला हात पुसत दारात यायची आणि म्हणायची, “मेंढपाय.” सगळे हसायचे. कोणीतरी म्हणायचं, “किती गोड.” मी पन्नाशीला आलेली बाई. मला कोणी गोड म्हटलेलं नव्हतं. ते मला आवडायचं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

विमल मॅडमकडे भांडी आणि फरशी करायची. दोंडाईच्याकडची. आमच्याच मंडळीतली, शेवटच्या बाकावर बसणारी. शाळा चौथीपर्यंत. स्वयंपाकघरात चहा उकळेपर्यंत तिला आणि मला वेळ असायचा. कपाटात मेंढपाळाच्या पुस्तकाची शिवण सुटलेली एक जुनी प्रत पडली होती. आम्ही ती ओट्यावर ठेवून वाचायला लागलो. एक पान ती, एक पान मी. ती बोटाखाली एकेक अक्षर धरून वाचायची. बाहेर हॉलमध्ये त्यांचं वाचन, आत आमचं. आमचं पुस्तक त्यांच्या आधी संपत आलं, कारण आम्ही मध्ये चर्चा करत नव्हतो.

पण मला हॉलमध्ये परत जायचं होतं. म्हणून मी घरी ळ शिकायला लागले. सकाळी मोरीत बादली भरेपर्यंत. कळशी, कळशी, कळशी. आरशासमोर तोंड उघडून जीभ कुठे लागते ते बघायची. कित्येक महिने गेले आणि एका सकाळी ळ आला. स्वच्छ. मी कोणाला सांगितलं नाही. धुळ्याच्या मंडळीतही अशीच सहभागिता चालते आणि दोन्ही मंडळ्यांचा मिळून एक मोठा मेळावा ठरला होता. मी ठरवलं, तिथे वाचायचं आणि सगळ्यांना गप्प करायचं.

मेळाव्याच्या आधीच्या शनिवारी विमल ओट्यापाशी वाचत होती. “त्याना डोयामा पाणी उनं,” ती म्हणाली. पुस्तकात ‘त्याच्या डोळ्यात पाणी आलं’ असं होतं. तिने ते आपल्या बोलीत घेतलं होतं, न अडखळता, पहिल्यांदाच.

मी हसले. “डोया काय गं? डोळा म्हण. ळ. जीभ वर ने.”

विमलने माझ्याकडे बघितलं. मग पुस्तक बंद केलं.

“अक्का, आते तू बी हसी ऱ्हायनी का माले?”

“हसत नाही. शिकवतेय.”

“मॅडम बी तेच म्हनतीस,” ती म्हणाली. “ऱ्हाऊ दे. भांडा पडेल शेतस.” आणि भांड्यांवर नळ सोडला.

त्या आठवड्यात मला झोप लागली, जेवण गेलं, ड्यूटी झाली. पण ते वाक्य डोक्यातून हललं नाही. दोन वर्षं माझी मान ज्या हाताने खाली दाबली, तोच हात मी उसना घेऊन दुसरीच्या मानेवर ठेवला होता.

धुळ्याला आम्ही एसटीने गेलो. विमललाही नेलं होतं, जेवण वाढायला. मंडळीच्या हॉलमध्ये गोल करून खुर्च्या मांडलेल्या. विमल मागच्या दारात मसालेभाताच्या पातेल्यापाशी उभी. मेळाव्यासाठी पुन्हा मेंढपाळाचंच पुस्तक घेतलं होतं. तीन पानं वाचून झाली आणि मॅडम उठल्या. “आमच्या जळगावच्या सिस्टरांचा एक शब्द फार प्रसिद्ध आहे बरं का. सिस्टर, म्हणून दाखवा ना तो.”

आमचे लोक आधीच हसायला लागले. धुळ्याचे लोक माझ्याकडे बघून, काहीतरी गमतीचं येणार म्हणून वाट बघत होते.

मी उठले. “शब्द नाही. पान वाचते.”

“अहो, वेळ कमी आहे आपल्याकडे.”

“एका पानाला तीन मिनिटं लागतात, मॅडम. मी मोजून बघितलंय.”

पुस्तक मी शेजारच्या बाईंच्या हातातून घेतलं. ळ जिभेवर तयार होता. एकदा स्वच्छ मेंढपाळ म्हटलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. मॅडमनी सगळ्यात आधी वाजवल्या असत्या. प्लास्टिकच्या खुर्चीवरून सोफ्यावर जायला तेवढंच लागत होतं. मी मागच्या दाराकडे बघितलं. विमल खाली बघत होती.

मी वाचलं, “मेंढपाय.”

लोक हसले. मी थांबले नाही. कयप. हिरवय. डोये. दुसऱ्या शब्दाला कमी हसले, चौथ्याला कोणी नाही. पानाच्या मध्यावर मॅडम हळूच म्हणाल्या, “मेंढपाळ.”

मी पुस्तक खाली केलं. “मॅडम, मी काय वाचलं ते कयलं ना तुम्हाला?”

“अं?”

“कयलं ना?”

“कळलं.”

“मग पुढे वाचते.”

पान संपलं. रीत उजवीकडे द्यायची. मी हॉल ओलांडून मागच्या दारात गेले आणि पुस्तक विमलपुढे धरलं. “तुझं पान.”

विमलने घेतलं नाही. “नको, अक्का,” ती इतकंच म्हणाली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. तिला सोमवारी त्याच घरात कामाला जायचं होतं. मला नाही. माझा धीर सरकारी पगारावर उभा होता, हे मला त्या दारात कळलं. परतीच्या बसमध्ये ती मॅडमच्या पिशव्या घेऊन पुढे बसली. जळगावपर्यंत मागे वळून बघितलं नाही.

नंतर आमच्या चर्चचे पाळक घरी आले. चहा घेतला. म्हणाले, “सिस्टर, सहभागिता तुटली. मॅडमना वाईट वाटलंय. तुम्ही मोठ्या मनाने माफी मागा.”

मी म्हटलं, “ज्या शनिवारी विमल गोलात बसेल, तिचं पान तीच वाचेल आणि कोणी तिची जीभ तपासणार नाही, त्या शनिवारी मी येईन. तोवर नाही.”

त्यांनी कप खाली ठेवला. “तुम्ही अढी धरताय.”

“हो,” मी म्हटलं.

आता वाचन माझ्या खोलीत होतं. रविवारी दुपारी दोन वाजता, कारण त्या वेळी विमलला सुट्टी असते. चार बायका येतात. एक ताडपत्री, एक पुस्तक, एक पान प्रत्येकीचं. कोणी कोणाला दुरुस्त करत नाही. वाचून झाल्यावर प्रार्थना. मॅडमकडची पुस्तकं मला आठवतात. शनिवारी चार वाजले की पाय आपोआप तिकडे वळतात. मी वळवून आणते.

विमल अजून आलेली नाही. ताडपत्रीवर तिची जागा माझ्या उजवीकडे आहे. पुस्तक तिथे आलं की एक पान आम्ही न वाचता उलटतो. गोष्ट मध्येच तुटते. परवा एकीने विचारलं, “या पानावर काय शे, अक्का? वाचू का मी?”

नाही, मी म्हटलं. ते विमलचं पान आहे. ते दुसरं कोणी वाचणार नाही. मी तर नाहीच.